अष्टमीचं पाणी

"अहो, ती शेळी सोडा आधी!"

चौतीस सालच्या पौषात, तुडीलच्या धक्क्यावर कानी पडलेलं हे त्यांचं पहिलं वाक्य. शेळी मी आकडे रंगवलेल्या एका खांबाला बांधली होती... मला काय ठाऊक, सरकारी ओव्हरसियर त्यावर नदीचं पाणी मोजतात!

"खांब तुमचा असेल, काठ आमचा आहे," मी म्हटलं. मास्तरांची मुलगी मी, जीभ तिखटच. ते हसले, गालाला खळी पडली, आणि दोरीची गाठ मला काही केल्या सुटेना.

पुराचं पाणी ओसरावं म्हणून आमच्या शेतांतून नदीपर्यंत चर खणायचा होता. त्या एका दिवसात नदी मोजून कमलाकर — हो, नाव घेते, म्हातारीला कोण हसणार! — पुढे महिनाभर शेतांतच असत. आणि मला रोज शेतात काहीतरी काम निघे.

"नदीपाशी पाणी किती उंच चढतं, ते आधी धरायचं," मातीत रेघ ओढून ते सांगत. "मग तिथून थोडं थोडं वर सरकत चरातल्या पाण्याच्या उंचीचा हिशेब करायचा. पहिला आकडा चुकला की सगळे चुकले." मी ऐकत होते कमी, बोटांकडे बघत होते जास्त.

"काम मंजूर झालं की दोन वर्षं मुक्काम इथेच," एकदा ते हळूच म्हणाले. "चालेल ना?"

चालेल काय... त्या दिवशी मी घरी गेले ती गुणगुणतच.

आणि दुसऱ्याच दिवशी मी त्यांची वही पाहिली. समुद्राची भरती आमच्या नदीत चढते, ती मोजली होती अष्टमीला!

"भरती रोज सारखीच ना?" पुण्याचा माणूस म्हणाला.

 अष्टमीची भरती ती केवढीशी! पुनवेच्या उधाणाला खारं पाणी चरातून उलटं वर येऊन शेजारच्या रखमाकाकूची, होडीवाल्या हैबतीची, सगळ्यांची भातं जाळणार. गप्प बसले तर माणूस राहणार, बोलले तर शेतं राहणार. दोन दिवस मी तोंड शिवून बसले, जेवण जाईना. मग म्हटलं, "उद्या पुनव. दुपारी वही घेऊन धक्क्यावरच्या खांबापाशी या."

पाणी चढत चढत त्यांच्या आकड्याच्या हातभर वर गेलं. हैबती हसला, "सायेब, उधाण हाय ह्ये. तुमच्या पुन्यात नाय यायचं!"

ते पांढरेफटक पडले. "चर उलटाच वाहील, म्हणजे रद्द होणार. माझी बदलीही होणार... तुम्हाला कळत होतं?"

"हो."

"तरी सांगितलंत?"

"तुम्ही हवे होता मला," माझे डोळे भरून आले. "पण शेतं जाळून नको."

 त्यांनी वही मिटली आणि ते तरातरा आमच्या घराच्या वाटेला लागले.

"अहो, तिकडे कुठे?"

"मास्तरांकडे. तुम्हाला मागायला!"

चर झाला नाही. महिन्याभरात त्यांची बदलीही आली. ते गेले... पण एकटे नाही गेले.