मंदाकिनीचं सातवं वलय

दिगंबर खांबेटे मिरजेच्या वलयमोजणी केंद्रात आले, तेव्हा अख्ख्या गावात मोजायचे राहिलेले ते एकटेच होते. त्यांच्या गल्लीतल्या म्हशींचीसुद्धा मोजणी उरकली होती. (सगळ्या पाचच्या वर निघाल्या. त्यांचे चेहरे पाहिलेल्या कुणालाही नवल वाटलं नाही.)

तोडलेल्या सागाच्या बुंध्यात वर्षांची कडी दिसतात ना, तसंच प्रत्येक जन्मी मेंदूच्या तळाशी एक वलय उमटतं. एका देहातून दुसऱ्यात ती वलयं जातात कशी, हे अजून कुणाला उमगलेलं नाही. पण बटण दाबणाऱ्या कितीजणांना वीज उमगलेली असते? या मोजणीनं एक जुना वाद मात्र मिटवला. पुनर्जन्म मानणं हा श्रद्धेचा प्रश्न नव्हता, बुद्धीचा तर नव्हताच. चार-पाच वलयांच्या माणसाला तो आपोआप पटतो, एका वलयाच्या माणसाला हसू येतं. पहिल्यांना लोक ‘मुरलेले’ म्हणू लागले, दुसऱ्यांना ‘कोरे’.

खांबेटे जन्मभर हसत आले होते. तंत्रशाळेत लेथ शिकवणारा माणूस. मायक्रोमीटरमध्ये मावत नाही ते खोटं. बायको मंदाकिनी दर वटपौर्णिमेला वडाला सात फेरे घालून सूत गुंडाळायची, सात जन्म हाच नवरा मिळावा म्हणून. “काय गं, वडानं पावती दिली का?” ते विचारायचे. तिला जाऊन अकरा महिने झाले होते. चेष्टा करायला घरात कुणी उरलं नव्हतं.

ती पुन्हा भेटेल का, एवढंच त्यांना विचारायचं होतं.

“एक,” पडद्याकडे पाहत डॉ. शर्वरी तांदळे म्हणाल्या. “काका, तुम्ही कोरे.”

“बघा! मी म्हणतच होतो.” पैज जिंकल्यासारखे ते हसले आणि मग चपापले. “म्हणजे मी परत येणार नाही?”

“उलट, तुमचे अजून सहा बाकी आहेत. आठवं वलय मात्र आजवर कुणात सापडलेलं नाही. सातव्यानंतर कुणी परत येत नाही.”

“सहा! मग एकदा तरी गाठ पडेलच की. पण हिची मोजणी झालीच नव्हती.”

“झाली होती. दोन वर्षांपूर्वी, वटपौर्णिमेच्या आदल्या दिवशी आल्या होत्या.” डॉक्टरांनी नोंद शोधली आणि पडदा त्यांच्याकडे वळवला. “सात.”

खांबेट्यांनी चष्मा काढून पुसला. “परत बघा. आमच्या लेथवर तीनदा मोजतात.”

“तीनदाच मोजलंय, काका. ‘आमच्याकडे तीनदा मोजतात’ असं काकूच म्हणाल्या.”

तेव्हा त्यांना आठवलं. शेवटच्या दोन्ही वर्षी मंदाकिनीनं वडाला एकच फेरा घातला होता. “काय, गुडघे बोलायला लागले वाटतं?” ते म्हणाले होते. “हो,” ती म्हणाली होती, “आता एवढा एक पुरे.”

“पुढच्या जन्मी ती मला आठवेल तरी?”

“नाही. वलयात नाव उरत नाही, चेहरा उरत नाही. उरते ती नुसती उणीव. मुरलेली माणसं म्हणून तर पुनर्जन्म मानतात, काका. कुणीतरी भेटायचं राहिलंय, असं त्यांना आतून वाटत राहतं.”

“आणि ते कुणीतरी जगात नसलंच, तर?”

डॉक्टरांनी पडदा बंद केला. “तरी वाटत राहतं.”

परतीच्या वाटेवर खांबेट्यांनी सुताचं एक बंडल घेतलं. वडाच्या बुंध्यावर कित्येक वर्षांचं सूत मळून एकजीव झालं होतं. त्यातलं तिचं कुठलं, ते कळेना.

“अहो आजोबा, हे बायकांचं काम!” पारावरची फुलवाली हसली.

“माझी बायको रजेवर आहे,” ते म्हणाले आणि फेरे घालू लागले. मोजून सहा. प्रत्येक फेऱ्याला एकच मागणं मागितलं: पुढच्या सहाही जन्मी मला हे काहीएक पटू नये. मी असाच हसत राहावं.

सूत संपलं. फुलवाली टोपली उचलून घरी गेली, तरी ते वडासमोर उभे होते, पावतीची वाट पाहत.