मधल्या माइकची आयसी

वडशात नाटकांचा हंगाम तोंडावर आला की ज्योत्स्नाच्या दुरुस्तीच्या दुकानात साउंड मिक्सरांची रांग लागायची. पूर्व विदर्भातल्या या झाडीपट्टीच्या रंगमंचावर माइक वरून लटकवलेले असतात. नट त्याखाली येऊन बोलतो, तेही हातभर लांबून. एवढ्या लांबचा आवाज ओढायचा तर गेन, म्हणजे आवाज वाढवायचं प्रमाण, मोठा ठेवावा लागतो, आणि गेन वाढवला की आवाज मोठा करणाऱ्या, मिक्सरमधल्या आठ पायांच्या चिपची, म्हणजे आयसीची, सगळी घाण कर्ण्यातून बाहेर पडते. बाजारात तर नकली आयसींचा सुकाळ. भाजीत अळी निघावी तशी ज्योत्स्नाला त्यांची किळस यायची.

म्हणून ती एकेक आयसी तपासूनच बसवायची. आधी इनपुट ग्राउंडला जोडायचा, म्हणजे आत काहीच जात नाही. तरी जी सूं सूं ऐकू येते ती आयसीची स्वतःची. मग एकच शुद्ध सूर आत सोडायचा आणि बाहेर आलेल्या आवाजातून तोच सूर वजा करायचा. जे उरतं ते डिस्टॉर्शन. ज्योत्स्ना त्याला आयसीचं उष्टं म्हणायची. दुसऱ्या दुकानदारांनी नक्कल करू नये म्हणून आयसींवरचे नंबर ती माल आल्या आल्या पॉलिश पेपरने घासून टाकायची. साऱ्या काळ्या, साऱ्या सारख्या.

यंदाचं काम घरचं होतं. धाकटी बहीण चंचल देवाजीभाऊंच्या नाटक कंपनीत गायची. तिचा आवाज मऊ, हळुवार, आणि मागच्या हंगामात तो सूं सूंमध्ये पार बुडाला होता. देवाजीभाऊंनी आडपडदा ठेवला नाही. "चंचलचा आवाज मांगच्या लोकायपर्यंत गेला पाह्यजे. नाई तर मी नागपूरची पोरगी आणतो." दुधाने तोंड पोळलेलं, त्यामुळे ज्योत्स्ना या वेळी ताकही फुंकून पीत होती.

तालमीच्या दिवशी दुपारी एका आयसीवर मीटर शून्यावर गेलं. ना सूं सूं, ना उष्टं. असं कुठलीच आयसी दाखवत नाही. तिने सप्लाय पाहिला, तारा हलवून पाहिल्या. सगळं ठीक होतं. मग तिने हेडफोन लावून गेन चढवला.

कुणीतरी जेवत होतं.

तोंड उघडं ठेवून, मचमच करत. ओला घास जिभेवर फिरत होता, टाळूला चिकटत होता. मध्येच दातात अडकलेलं काहीतरी जिभेने उपसल्याचा आवाज आला. एखादं रेडिओ स्टेशन घुसलं असेल म्हणून ज्योत्स्नाने चाचणीचं सर्किट बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात ठेवलं आणि झाकण लावलं. मचमच आणखी जवळ आली. तिने आत सूर सोडला, तशी ती थांबली. सूर संपल्यावर घास गिळल्याचा आवाज आला, मग एकेक बोट चाटल्याचा.

हेडफोन काढताना कानाच्या गाद्या ओल्या लागल्या. घाम म्हणावा, तर त्याला शिळ्या तोंडाचा वास येत होता. ओकारी दाबत ती मागच्या मोरीवर गेली आणि साबणाने कान, मान, हात घासत बसली.

परतली तेव्हा चंचल कंपनीच्या मिक्सरचं झाकण बंद करत होती. "चाल ना ताई, देवाजीभाऊ वाट पाहून राह्यले."

ज्योत्स्नाने डब्यातली आयसी चिमट्याने उपटली, पक्कडीत धरून चिरडली आणि नालीत फेकली. तेव्हा कुठे तिला बरं वाटलं.

तालमीत चंचल मधल्या माइकखाली उभी राहून गायली. शेवटच्या खुर्चीपर्यंत आवाज असा गेला की बोलणारी माणसं गप्प झाली. देवाजीभाऊंनी डोळे पुसले. "आता नागपूरची कोणाले पाह्यजे?"

मिक्सरशी बसलेल्या ज्योत्स्नाचा ऊर भरून आला. मग तिच्या लक्षात आलं, दोन ओळींच्या मध्ये चंचलची छाती वर होत होती, पण हेडफोनात श्वास येत नव्हता.

गाणं संपल्यावर तिने विचारलं, "मधल्या माइकले कोणती आयसी आहे?"

"शून्यवाली. मीटरवर सूं सूं नव्हती म्हणून तू हात धुवाले गेली तवा मीच बसवली. डब्यात दुसरी लावून ठेवली." चंचलचा आवाज फाटल्यासारखा येत होता. "डब्बा रिकामा पाहून तू मले..."

पुढे नुसते ओठ हलले.

ज्योत्स्नाने मिक्सरची पिन ओढली. त्याच्यावरचे दिवे विझले. चंचल गळा धरून तोंड उघडत होती, मिटत होती. साधा खोकलासुद्धा फुटत नव्हता. देवाजीभाऊ पाणी आणायला धावले.

हेडफोन अजून ज्योत्स्नाच्या कानांवर होते. बंद मिक्सरमधून मचमच येत होती. सावकाश, चवीने.

मग गिळल्याचा आवाज आला.

आणि हेडफोनात चंचल बोलली. अगदी स्वच्छ, सूं सूंचा लवलेश नसलेल्या आवाजात.

"भूक लागून राह्यली, ताई."