निवांत कळप

गोळी लागली तसं ते चितळ पुढच्या गुडघ्यांवर बसलं आणि आडवं झालं. बंदुकीला आवाजबंद नळी होती, त्यामुळे मचाणाबाहेर काही ऐकू गेलं नाही. शेजारची मादी जरा बाजूला सरकली आणि तिनं पुन्हा गवतात तोंड घातलं. मचाणावरचा पाहुणा खूश झाला. त्यानं लगेच दुसरं चितळ मागितलं.

"दुसरं नाही, साहेब," हातातल्या पडद्यावर बघत दौलत नेवारे म्हणाला. "आजचे मारायचे नर संपले. आता नुसते पाहा."

रोज मरे त्याला कोण रडे, ही म्हण माणसांनी केली. पाळली मात्र या रानातल्या हरणांनी.

यवतमाळच्या दक्षिणेला पडीक जमिनी जोडून हे खासगी शिकाररान केलेलं होतं. कुंपणामुळे वाघ-बिबटे बाहेर राहिले आणि आतली चितळं बेसुमार वाढली, तेव्हा सरकारनं मोजून शिकार करायला परवानगी दिली. प्रत्येक चितळाच्या गळ्यात पट्टा होता. जनावर कुठे आहे, वय किती, वजन किती, मादी गाभण आहे की नाही, हे सगळं तो पट्टा सांगायचा. कोणतं मारायचं आणि कोणतं राखायचं हे ठरवणं दौलतचं काम. आयुष्य त्यातच गेलं होतं, आणि अलीकडे त्याला या कामाचा मनापासून कंटाळा आला होता.

पूर्वी एक गोळी सुटली की कळप उधळायचा. गाभण माद्या कुंपणावर आदळायच्या, पाय मोडून पडायच्या. एका नरासाठी चार जीव जायचे. त्यावर उपाय काढला डॉ. वासंती देऊसकर यांनी.

भीतीला वास असतो. घाबरलेल्या जनावराच्या अंगातून एक सूक्ष्म रसायन बाहेर पडतं, त्याला देऊसकर बाई भयगंध म्हणत. शेजारच्या जनावराच्या नाकात तो शिरला, की काय झालं हे कळायच्या आधीच त्याचे पाय पळायला लागतात. एकाची भीती क्षणात सगळ्यांची होते. बाईंनी असं औषध तयार केलं, की ज्यामुळे नाकाला भयगंध ओळखताच येऊ नये. त्याचं नाव निश्चळक. चितळांसाठी रानात ठेवलेल्या मिठाच्या खड्यांत ते मिसळलं, आणि सहा महिन्यांत कळप निवांत झाला. समोर कोल्हा दिसला तर चितळ अजूनही पळे. पण शेजारीण घाबरली म्हणून घाबरणं संपलं.

एवढं सगळं छान होतं, तर पाडसं का कमी होत होती, हे बघायला बाई पुण्याहून आल्या. भर दुपारी बाई आणि दौलत मचाणावर बसले. फार वेळ थांबावं लागलं नाही. कुंपणाखालून उकरून आलेल्या कोल्ह्यानं झुडपाआड बसलेलं एक पाडस धरलं. पाडस ओरडलं. झुडपाच्या अलीकडे चरणाऱ्या आईनं मान वर केली, कान त्या बाजूला वळवले. पाडस ओरडतच होतं. आईनं मान खाली घातली.

दौलतनं तोंड फिरवलं. त्यानं हजारो जनावरं मरताना पाहिली होती, पण हे बघवेना.

"तिले आयकू नाही आलं का, मॅडम?"

"आलं ना. कान वळवले तिनं." बाई म्हणाल्या. "आवाज म्हणजे नुसती बातमी असते, दौलतभाऊ. ती बातमी अंगात उतरायला गंध लागतो. मी तो काढून घेतला. मला वाटलं होतं, फक्त पळापळ थांबेल."

"माणसातबी असते का हा वास?"

"असतो. आपल्याला कळत नाही एवढंच. घाबरलेला माणूस शेजारी येऊन बसला की उगाच आपलं मन थाऱ्यावर राहत नाही, ते त्यामुळेच."

दौलतनं आजूबाजूला पाहिलं. मग त्यानं जपून विचारलं, "आन् मटणातून जाते का हे?"

"नाही. तपासलंय. पाहुणे मांडी आणि पाठीचं मांस खातात, त्यात काही नाही."

"आन् कलेजी?"

"कलेजी तुम्ही पुरता ना? तसंच ठरलं होतं."

दौलतला हसू आलं, पण ते हसू नव्हतं. कागदावर आतडी-कलेजी पुरायची हे खरं. पण रानातल्या वस्तीत कोण कलेजी पुरणार? शिकारीतली कलेजी आधी पोटुशीच्या घरी, मग बाळंतिणीच्या, आणि उरली तर बाकीच्यांना, हा वस्तीचा रिवाज कुंपण घालायच्या आधीपासूनचा. पोटुशी बाई नसेल तेव्हा आळीपाळीनं सगळी घरं खात. गेल्या पाच महिन्यांत पहिला वाटा दौलतच्याच घरी जात होता. त्याची पायल पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती.

दौलतनं हे सांगितलं तसा बाईंचा चेहरा उतरला. अंगात शिरलेलं असलं औषध कलेजीतच साठतं, हे कोणाही विद्यार्थ्याला ठाऊक असतं. त्यांना ते आठवलं नव्हतं, कारण त्यांच्या घरी कोणी कलेजी खात नव्हतं.

"मोठ्यांच्या अंगातून वर्षभरात जाईल, जर आज बंद केलं तर," त्या म्हणाल्या. "पोटातल्या बाळाचं मला सांगता येत नाही. त्याच्या नाकाची घडणच आत्ता होतेय. ते तसंच जन्मलं, तर तसंच राहील."

घरी जाताना दौलतला एकेक गोष्ट आठवत गेली. मागच्या पावसाळ्यात शेजारचं पोर गोठ्यात सापासमोर अडकून किंचाळत होतं, तेव्हा त्याच्या आईनं आतून सांगितलं होतं, "येतो रे, भाकर तव्यावर हाय." साप आपणहून गेला आणि वस्ती हसली. दौलतही हसला होता. वस्तीत भांडणं नाहीत, कोणी कोणाच्या नावानं बोंब मारत नाही, म्हणून त्याला बरंच वाटायचं. तो स्वतः बायको गेल्यापासून मटण खात नव्हता. रात्र रात्र जागणारा वस्तीत तेवढा तोच होता, आणि आपलंच काही बिघडलं असं तो समजत आला होता.

पायल अंगणात तांदूळ निवडत बसली होती. त्यानं तिला सगळं सांगितलं. ती नीट ऐकत होती, मध्ये एक प्रश्नही तिनं विचारला. पोरगी हुशार होती, बारावीला तिनं विज्ञानच घेतलं होतं.

"बाबा, आधी बसा तुमी," ती म्हणाली. "पाणी देऊ?"

"पाणी नाही पाहिजे मले! तुले भेव कसं नाही वाटत? तुह्या लेकराबद्दल सांगून राह्यलो मी!"

"समजलं ना. भेव वाटाले पाहिजे, हे समजते मले." तिनं खरंच क्षणभर डोळे मिटून शोधून पाहिलं. "पण येतच नाही, बाबा. तुमी घाबरले हे दिसते. पाऊस पडताना खिडकीतून दिसते ना, तसं."

दौलत दारोदार हिंडला. लोकांनी बसायला दिलं, चहा दिला, सगळं ऐकून घेतलं आणि "बरं" म्हटलं. पालथ्या घड्यावर पाणी. दौलतनं कलेजी आणणं बंद केलं, तर दुसरे रखवालदार रिवाजाप्रमाणे ती पायलकडे पोचवू लागले. तिला डोहाळे कलेजीचेच होते. त्यानं दोनदा भरलं पातेलं उकिरड्यावर ओतलं. कोणी रागावलं नाही, तिसऱ्यांदा आणून दिली. पुण्याहून बाईंचा निरोप आला, की मिठाचे खडे काढायचे की नाहीत यावर मालकांची बैठक पुढच्या महिन्यात आहे. जावयाला फोन करून बोलावलं. तो आला, दौलतशेजारी बसताच घाबरला, पोरीला घेऊन जायला तयारही झाला, पण दोन दिवस सासुरवाडीचा कलेजीचा रस्सा जेवला आणि म्हणाला, "मामाजी, बाळंतपण होऊ द्या इथंच. घाई कशाले?"

त्या संध्याकाळी दौलत कामावरून आला. चुलीवर कलेजीचा रस्सा उकळत होता. पायल पोटावर हात ठेवून भिंतीला टेकली होती, आणि तिच्या चेहऱ्यावर इतकी शांती होती, की दौलतला तिचा हेवा वाटला. स्वतःच्याच पोरीचा हेवा. एवढ्या मोठ्या वस्तीत त्या न जन्मलेल्या पोरासाठी घाबरणारा तो एकटा होता, आणि एकट्यानं घाबरून काही होत नाही, हे आता त्याला पटलं होतं.

"जेवता का, बाबा? तुमचं वरण वेगळं ठेवलं हाय."

त्यानं रश्श्याच्या पातेल्यात वाकून पाहिलं.

"वरण राहू दे," तो म्हणाला. "हेच वाढ मले. लय दिवस झाले, पोरी, झोप नाही." आणि हात धुवायला उठला.