शनिवारची चावी

पोपटने मारलेला चेंडू थेट सातवीच्या वर्गात गेला!

"झालं कल्याण!" दांडू म्हणाला. "आता शिपाईमावशींच्या शिव्या खा."

सुट्टी लागून तीन आठवडे झाले होते. शाळेला कुलूप होतं. पोपट खिडकीतून आत डोकावला आणि ओरडला, "घड्याळ चालतंय!"

"मग काय नाचेल?" ढापणी म्हणाली. पण लगेच तिचाही चेहरा बदलला. भिंतीवरच्या त्या लंबकाच्या घड्याळाला दर आठ दिवसांनी चावी द्यावी लागायची, आणि चावी त्यांच्या वर्गाच्या बाईंकडे असायची. बाई तर सुट्टीच्या आदल्या दिवशीच, शनिवारी पहाटे, देवाघरी गेल्या.

बाईंनी बक्षीस म्हणून कधी कुणाला पेन दिलं नाही की कप दिला नाही. शनिवारी त्या एकालाच घड्याळाला चावी द्यायला बोलवायच्या आणि त्याच्या कानात कारण सांगायच्या. दांडूला म्हणाल्या होत्या, "हरलास, पण चिडला नाहीस." एवढंच! पण तेवढ्यावर दांडू महिनाभर हवेत होता.

तेवढ्यात शिपाईमावशी झाडू घेऊन आल्या. "पळा इथून! अकराला सर सुताराला घेऊन येतायत. ते बंद घड्याळ काढायचंय."

"बंद? बघितलं का कुणी?" ढापणीने विचारलं.

"बघायला वेळ कुणाला आहे!" मावशी पुटपुटत निघून गेल्या.

"आज शनिवार. चावी देणारा येणारच," ढापणी म्हणाली. तिघं खिडकीखाली दबा धरून बसले.

साडेदहाला आला कोण, तर घुम्या! वर्गात वर्षभरात दहा शब्द बोलला असेल. खिडकीचा निखळलेला गज सरकवून तो आत शिरणार, एवढ्यात दांडूने त्याला धरलं. त्याच्या मुठीत चावी होती.

"चोरलीस?"

"नाही!" घुम्याचा आवाज फाटला. "त्या शुक्रवारी बाईंनीच दिली. म्हणाल्या, उद्या तुझी पाळी. कारण उद्या सांगते."

तो उद्या आलाच नव्हता. दांडूने त्याचा हात सोडला.

"म्हणून दर शनिवारी येऊन चावी देतो. घड्याळ बंद पडलं असतं, तर पाळी संपली असती," घुम्या म्हणाला.

अकराला दोन मिनिटं कमी असताना मुख्याध्यापक सर आले. मागे सुतार, त्याच्या खांद्यावर शिडी. पोपट व्हरांड्यातच त्यांना आडवा आला.

"सर, घड्याळाचे ठोके पडले तर ते तिथंच ठेवाल?"

"बंद घड्याळाचे ठोके? पडले तर खुशाल राहू दे!" सर हसले आणि त्यांनी कुलूप काढलं.

टण्! टण्! टण्! मोजून अकरा! सर किल्ली हातात धरून उभेच राहिले. सुताराने शिडी खाली ठेवली.

सगळी हकिकत ऐकल्यावर सरांनी घुम्याच्या पाठीवर हात ठेवला. "शाबास! आम्ही मोठी माणसं नुसती नावाला."

घुम्याने मान वर केली. "सर, मला चावी कशासाठी दिली होती? तुम्हाला सांगितलं होतं का बाईंनी?"

"नाही रे बाळा."

ढापणी पुढे आली आणि त्याच्या कानात काहीतरी बोलली. मग दांडू बोलला. पोपटला कुजबुजणं कुठलं जमायला! तो मोठ्यानेच म्हणाला, "माझी बडबड तू एकटाच शेवटपर्यंत ऐकतोस!"

घुम्या किंचित हसला. "सगळी चांगली आहेत. पण बाईंचं कुठलं होतं?"

ते कुणालाच ठाऊक नव्हतं, आणि आता कधीच कळणार नव्हतं. घुम्या रडू लागला. बाई गेल्यापासून तो पहिल्यांदाच रडत होता. दारात उभ्या असलेल्या मावशींनी डोळ्याला पदर लावला.

रडू ओसरल्यावर तो स्टुलावर चढला. बाई शिकवायच्या तशी सावकाश चावी दिली आणि खाली उतरून ती सरांपुढे धरली. "माझी पाळी झाली."

सरांनी चावी घेतली. "पुढच्या शनिवारी कुणाला द्यायची, हे बाई कसं ठरवायच्या रे?"

"बघायच्या, सर," घुम्या म्हणाला. "आठवडाभर आमच्याकडे नुसत्या बघत राहायच्या."