टायरवाल्याचा आवाज

"आधी कडाकडा भांडायचं आणि शेवटी गळ्यात पडायचं! एवढ्यासाठी इतकी पानं कशाला लागतात म्हणते मी?"

रेकॉर्डिंगच्या काचेच्या खोलीत ती एकटीच बडबडत होती. निदान तिला तरी तसंच वाटत होतं. आजवर ऑडिओबुकसाठी तिने भारदस्त चरित्रं वाचली होती, आणि आज हातात ही गुलाबी कव्हरची कादंबरी!

तेवढ्यात टेबलाखालून एक डोकं वर आलं. हातात वायर, केसांत धूळ.

"शेवट सांगून टाकलात... मी अजून वाचली नव्हती."

हा नवा रेकॉर्डिस्ट. ती इतकी ओशाळली, इतकी ओशाळली, की त्याच्यावरच चिडली.

कादंबरीत होते एक फुलवाली आणि एक टायरवाला. दुकानं समोरासमोर. त्याच्या टायरांचा ढीग तिच्या दारात, तिच्या बादल्यांचं पाणी त्याच्या पायऱ्यांवर, आणि सकाळ-संध्याकाळ नुसती जुंपलेली. असल्या पुस्तकाचं पुढचं कोण वाचत बसणार? तिने न वाचताच टायरवाल्याला आवाज देऊन टाकला, घशात खडे भरल्यासारखा. अस्सल गुंड!

"जरा सौम्य घेता का?" हेडफोनमधून तो म्हणाला. "मला तो इतका दुष्ट वाटत नाही."

"तुम्ही बटणं सांभाळा. आवाज मी सांभाळते."

आणि बिजागरी करकरल्यासारख्या आवाजातलं त्याचं ते 'पुन्हा घेऊया'! पान वाजलं, पुन्हा. खुर्ची करकरली, पुन्हा. एकदा तर म्हणतो कसा, "तुमच्या पोटातले कावळे अगदी स्पष्ट आलेत... पुन्हा घेऊया." तिच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. दुसऱ्या दिवशी पाण्याच्या ग्लासाशेजारी बिस्किटं ठेवलेली होती. तिने ती खाल्ली, पण रागारागाने.

मग कादंबरीत वादळ आलं. फुलवाली घरी तापाने फणफणलेली, आणि टायरवाल्याने आपली ताडपत्री गुपचूप तिच्या फुलांवर घातली. वाऱ्याने ती उडू नये म्हणून स्वतः भिजत, तिची टोकं धरून उभा राहिला बिचारा. वाचता वाचता तिला नाक ओढावं लागलं. काचेपलीकडे बघते, तर तो नाक पुसत होता.

"सर्दी," तो म्हणाला.

"मलाही..." ती म्हणाली.

त्या दिवशी तिने कादंबरी घरी नेली आणि एका बैठकीत संपवली. काय गोड होती हो! नाकं मुरडली त्याची तिला मनापासून लाज वाटली. आणि मग एकदम लक्षात आलं... बोंबला! शेवटी टायरवाला प्रेमाची कबुली देणार, ती या आवाजात?

व्हायचं तेच झालं. कबुलीचं वाक्य त्याच आवाजात वाचलं, आणि स्टुडिओच्या मालकीणबाई, म्हणजे सगळ्यांच्या मावशी, तरातरा आत आल्या.

"अगं, हा प्रेम करतोय की खंडणी मागतोय?"

तिने कादंबरी छातीशी धरली. मावशींचं चालूच होतं,

"सगळं पहिल्यापासूनच करायचं झालं, तर मी दुसरी कुणी बघते. प्रेमकथा आवडतात अशी."

"मावशी, मला आवडते ही! मला नाही द्यायची दुसऱ्या कुणाला!" तिचे डोळे भरून आले.

'मी म्हटलं होतं' असं म्हणायची केवढी नामी संधी! पण तो काचेपलीकडून स्पीकरवर म्हणाला, "चूक माझी पण आहे, मावशी. ऐकायचं काम माझं होतं." मग हेडफोनमधून, हळूच तिला, "पाणी प्या. घाई नाही... काढू काहीतरी मार्ग."

ती थबकली. हाच तो त्याचा आवाज? सुरुवातीला बिजागरी करकरल्यासारखा वाटायचा तोच? आवाज तर तसूभरही बदलला नव्हता.

"मावशी, मिळाला मार्ग! फुलवालीला टायरवाला तसा ऐकू येतो! राग असला की चांगला आवाजसुद्धा कानाला टोचतो. मग ताडपत्री, मग ती बिस्किटं..."

"बिस्किटं? बिस्किटं कुठे आहेत यात?"

ती लालबुंद. "म्हणजे... आवाजातले खडे हळूहळू काढत नेते. मधली प्रकरणं तेवढी पुन्हा घेऊ."

मावशींनी एकदा हिच्याकडे पाहिलं, एकदा त्याच्याकडे. "घ्या, घ्या," म्हणाल्या आणि बाहेर जाऊन दार ओढून घेतलं.

मधली प्रकरणं झाली. पुन्हा कबुली आली. खडा एकही उरला नव्हता.

"तुझ्याशी भांडल्याशिवाय माझा दिवस जात नाही. आता सगळेच दिवस तुझ्यासोबत घालवायचेत... भांडत का होईना. चालेल तुला?"

वाचताना नजर पानावर हवी होती. ती काचेकडे गेली.

त्याने बटणांवरचा हात काढला. मग हेडफोनमधून एकच शब्द आला.

"हो."

"हो काय? फुलवालीचं उत्तर पुढच्या पानावर आहे."

"ते तिचं. हे माझं."

तिला हसू आवरेना आणि डोळ्यांतलं पाणीही. तिने गुलाबी कव्हरवर तळहात ठेवला आणि अगदी मनापासून म्हणाली, "थँक्यू."

"मला?"

"आधी हिला," ती कादंबरीकडे बघत म्हणाली. "तुमचा नंबर नंतर. आत या... मग सांगते."