दोर धरत नाही

सुवर्णाने हत्यारांची पेटी गाडीच्या डिकीत अशी आदळली की शेजारच्या अंगणातलं कुत्रं भुंकायला लागलं. मिहीर कालच अ‍ॅशबर्नहून रजा काढून आला होता. त्याने आईच्या तोंडाकडे एकदा पाहिलं आणि मुकाट गाडी सुरू केली. शुगर लँडच्या घरापासून खाडीतल्या बोटीपर्यंतचा रस्ता लांबचा. जूनचं ऊन सकाळीच पेटलेलं, आणि गाडीत एसीच्या घरघरीखेरीज दुसरा आवाज नाही.

कीर्तनात बुवा सांगतात, राग हा न बोलावता आलेला पाहुणा. त्याला पाणी द्यावं, पाट मांडू नये. सुवर्णाने वर्षभर त्याला पाट मांडला होता, आणि ताटाभोवती रांगोळीसुद्धा काढली होती.

राग नवऱ्यावर होता. विवेकला जाऊन वर्ष होत आलं, तरी तिचं भांडण मिटलं नव्हतं. रिटायर झाल्यावर त्याने तिला न विचारता बोट घेतली. नाव काय ठेवलं, तर ‘विश्रांती’! पुढे नांगर वर ओढणारं विजेचं यंत्र, बोटवाले त्याला विंडलस म्हणतात, ते बिघडलं. बटण दाबलं की चाक गरागरा फिरे आणि दोर मात्र चाकाखाली घसरत जागच्या जागी राही. सुवर्णाची सगळी नोकरी रिफायनरीतले पंप आणि कॉम्प्रेसर ठीक करण्यात गेलेली. ती म्हणाली, “अहो, मी बघते. तासाभराचं काम आहे.” तो म्हणाला, “माझी बोट आहे, मी बघेन.” बघितलं कुठे? डॉक्टरांनी जड ओढू नका म्हणून बजावलेलं असताना एकटा बोट घेऊन गेला, आणि नांगर हाताने ओढता ओढता तिथेच कोसळला.

आता बोटीला गिऱ्हाईक मिळालं होतं. उद्या तो माणूस येणार, बोट चालवून बघणार, नांगर टाकून बघणार. बोट गेली की सुवर्णा घर आवरून मुलाकडे राहायला जाणार होती. मिहीरच्या बायकोला, अनयाला, सातवा महिना लागला होता. सुवर्णाला इथून सुटायचं होतं, आणि वाटेत हे यंत्र अडून बसलं होतं.

मरीनात, बोटींच्या धक्क्यावर, डिझेलचा आणि कुजक्या कोळंबीचा वास भरून राहिला होता. खाडीचं पाणी चहासारखं तपकिरी. पलीकडे रिफायनरीच्या चिमणीवर भर उन्हात ज्योत जळत होती. सुवर्णा बोटीच्या नाकाशी, अगदी पुढच्या टोकाला, गुडघे टेकून बसली.

“आई, यूट्यूबवर एक व्हिडिओ आहे याचा. बघू या का?”

“व्हिडिओ तुझ्या बाबांनी पण बघितले होते. पाना दे.”

दोर घसरायची कारणं मोजकी असतात. चाकाची खाच झिजते, दोर चुकीच्या जाडीचा असतो किंवा जुना होऊन गुळगुळीत होतो, नाहीतर दोराला खाचेत दाबून धरणारा दांडा ढिला पडतो. तिने एकेक कारण निकालात काढलं. चाक नवं बसवलं. दांड्याची स्प्रिंग बदलली. जुना दोर काढला. खोली कळावी म्हणून विवेकने त्यावर जागोजाग पूजेचा लाल-पिवळा नाडा बांधून खुणा केल्या होत्या. देवाचा नाडा नांगराला बांधतात का, म्हणून तेव्हाही ती ओरडली होती. तो दोर तिने कचऱ्याच्या पिंपात कोंबला आणि नवा, पांढराशुभ्र, बरोबर मापाचा चढवला. त्याचं टोक धक्क्यावरच्या खुंट्याला अडकवून बटण दाबलं. चाकाने दोर असा घट्ट धरला की अख्खी बोट खुंट्याकडे सरकली.

“झालं,” ती म्हणाली. “तासाभराचं काम होतं.”

आणि तिचा राग आणखीच चढला.

“आता पाण्यात टाकून बघू. उद्या त्या माणसासमोर शोभा नको.”

मिहीरने बोट खाडीत काढली. लांबवर तेलाचं एक टँकर जहाज संथ सरकत होतं. वारा पडलेला. अंगाला चिकटणारी, ओल्या फडक्यासारखी हवा. एका जागी त्याने इंजिन थांबवलं. नांगर खळखळत खाली गेला, तळाच्या चिखलात बसला. सुवर्णाने वर घ्यायचं बटण दाबलं.

चाक फिरलं. दोर फिरला नाही.

तिने पुन्हा दाबलं. नवं चाक, नवी स्प्रिंग, नवा दोर, आणि तरी साबण लावल्यासारखी घसरण. दोर तारेसारखा ताणलेला, सरळ खाली गेलेला.

“कशात तरी अडकला असेल,” मिहीर म्हणाला.

“काय आहे इथे अडकायला? नुसता चिखल आहे.”

तिने हात थांबवून दोरावर तळवा ठेवला. ओढ लागत होती. मग थोडी सुटत होती, मग पुन्हा लागत होती. दोर धरून वर येणारा माणूस हात बदलतो ना, तशी.

तिने तळवा काढून घेतला आणि जीन्सला पुसला, पूजेनंतर पदराला पुसावा तसा.

“ये इकडे. दोघं मिळून ओढू.”

दोघांनी पाय रोवून ओढलं. थोडा दोर वर आला. मिहीर एकदम थांबला.

“आई, हा नाडा कशाला बांधलास पुन्हा?”

पांढऱ्या दोरावर लाल-पिवळा नाडा होता. ओला, घट्ट, दुहेरी गाठीचा, उरलेलं टोक आत खोचलेलं. विवेक डब्याच्या पिशवीपासून सुटकेसच्या हँडलपर्यंत सगळं असंच बांधायचा.

“मला वाटलं तू बांधलास,” ती म्हणाली.

“मी कशाला बांधू?”

पाणी बोटीच्या पोटावर चापट्या मारत होतं.

“मिहीर, ही जागा कुठली?”

“बाबांची. नकाशाच्या स्क्रीनवर सेव्ह केलेली आहे. लास्ट इयर अस्थी इथेच सोडल्या ना आपण.”

त्या दिवशी सुवर्णा केबिनमधून बाहेर आलीच नव्हती. इतका राग होता, की हात जोडायलासुद्धा नाही. बाहेर मिहीर होता आणि फोनच्या व्हिडिओवर गुरुजी.

“गुरुजींनी सगळं नीट सांगितलं होतं ना?”

मिहीरने मान खाजवली. “ऑलमोस्ट. शेवटी शेवटी नेटवर्क गेलं. मग उरलेलं मी म्हटलं.”

“तू? तू काय म्हटलंस?”

“विसर्जनाचं. मला येतं तेवढं. घरच्या गणपतीला दरवर्षी मीच म्हणतो ना? पुनरागमनाय च.”



“अरे गाढवा,” सुवर्णा म्हणाली, “ते देवाला म्हणतात रे. गेलेल्या माणसाला नाही म्हणत. अर्थ तरी माहितीये का तुला त्याचा?”

“येस, आई. परत या. मला वाटलं, इट्स अ नाइस थिंग टू से.”

दोर पुन्हा थरथरला.

“कापून टाकू या,” मिहीर हळूच म्हणाला. “आय डोन्ट लाइक धिस.”

“म्हणे कापून टाकू! नवा दोर आहे!”

तिने बटण दाबलं. चाक फिरलं. दोर घसरला. जळक्या रबराचा वास आला. तिने बटण सोडलं नाही. वर्षभर पाटावर बसवलेला पाहुणा आता ताट लाथाडून उठला.

“मी बघते म्हटलं तर ऐकायचं नाही! दुखतंय तर सांगायचं नाही! जाताना विचारायचं नाही, आणि आता वाट अडवून बसायचं? यायचंय ना? मग या! या एकदाचे वर!”

चाकाने दोर धरला.

खटका बसल्याचा आवाज झाला आणि दोर वर यायला लागला. सरसर, एका लयीत, वजनच नसल्यासारखा.

नांगर पाण्याबाहेर आला. या खाडीचा चिखल नांगराला काळ्या लोण्यासारखा चिकटतो, पाइपने धुवावा लागतो. आज एक ठिपकासुद्धा नव्हता. नांगर घासलेल्या समईसारखा लखलखत होता.

“आई! यू फिक्स्ड इट!” मिहीर ओरडला. “काय केलंस?”

“चल,” ती म्हणाली. “घरी चल.”

तो सुकाणूच्या चाकाशी गेला. ती त्याच्या पाठीमागच्या बाकावर येऊन बसली, बाकाच्या मधोमध, हाताची घडी घालून. इंजिन सुरू झालं. टँकरच्या वाटेतून बोट न्यायची म्हणून मिहीरने डोळे स्क्रीनला लावले होते, पण जीव हलका झाल्यामुळे तो बडबडत होता.

“उद्या बोट गेली की तू मोकळी. मग डायरेक्ट अ‍ॅशबर्न. अनया खोली लावून बसलीये तुझी. बरोबर काय काय आणायचं ते ठरव फक्त.”



जरा वेळाने बोट जड चालायला लागली. पुढून पाणी उडून काचेवर येऊ लागलं.

“आई,” मिहीर स्क्रीनवरची नजर न काढता म्हणाला, “पुढे नको ना उभी राहूस. मागे येऊन बस. नाक खाली जातंय बोटीचं.”

सुवर्णा त्याच्या पाठीशी बसली होती. तिने त्याच्या खांद्यावरून पुढे पाहिलं. पुढे कोणी नव्हतं. नवं चाक उन्हात चमकत होतं आणि बोटीचं नाक पाण्यात दबलं होतं.

तिचे ओठ रागाने घट्ट मिटले. डोळे भरून आले. मग ती कपाळाला आठी घालून, धुसफुसत, बाकाच्या कडेला सरकली. एका माणसापुरती जागा झाली.

बोटीचं नाक सावकाश वर आलं.

“थँक्स, आई,” मिहीर मागे न बघता म्हणाला.