लाल दिवा लागलेला असताना

ही गोष्ट माझ्या सख्ख्या मामाची आहे. ऐकीव नाही, आणि रंगवलेली तर मुळीच नाही. मामाच्या तोंडून चार वाक्यं काढायची म्हणजे नाकी नऊ येतात. बोलणं हाच त्याचा धंदा, म्हणून तो फुकट बोलत नाही, असं आमची आई म्हणते.

आणि हो, रात्रीची वाट बघू नका.

हे घडलं ते भर दुपारी. जेवणं उरकून माणसं पेंगत असतात, त्या वेळी.

जागा म्हणजे एका जुन्या इमारतीच्या तळघरातला डबिंग स्टुडिओ. तिथे बाहेर बघायला एकही खिडकी नाही. आत दिवस काय नि रात्र काय, सगळं सारखंच.

परक्या भाषेतली मालिका आली की पडद्यावरच्या माणसाच्या ओठांत आपले शब्द बसवायचे, हे मामाचं काम. त्यात त्याचा हात धरणारा कुणी नाही. आवाज बंद करून नुसते ओठ दाखवले, तरी वाक्य लांब आहे की छोटं, रागाचं आहे की विनवणीचं, ते तो सांगतो.

खोली एवढीशी. भिंतींना जाड गाद्या, मध्ये माईक, समोर पडदा. एका भिंतीतल्या मोठ्या काचेपलीकडे रेकॉर्डिस्ट बसतो. त्याला सगळे कानसेन म्हणतात, कारण भिंतीपलीकडचं घड्याळही त्याच्या कानाला टोचतं. खोलीचं दार हे एवढं जाड. दारात डोकावण्यापुरती छोटी काच, आणि दारावर लाल दिवा.

दिवा लागला म्हणजे आत रेकॉर्डिंग चालू, दार उघडायचं नाही. आग लागली तरी आधी दिवा विझू दे, मग पळा, अशी तिथली थट्टा होती.

आता ती थट्टा कुणी करत नाही.

माझा धाकटा मामाही तिथेच काम करायचा. त्याला दमा होता. श्वास घेतला की आतून बारीक शिट्टी वाजायची. माईकसमोर उभा राहिला की आधी शिट्टी यायची आणि मग आवाज. ती शिट्टी रेकॉर्डिंगमधून पुसता पुसता कानसेन मेटाकुटीला यायचा.

एका दुपारी थोरला मामा आत होता. रडण्याचा लांबलचक प्रसंग होता आणि तो जमून आला होता. असा टेक पुन्हा हाती लागत नाही. दिवा लाल होता.

दाराच्या काचेत धाकट्याचा चेहरा दिसला.

तो दार ठोठावत होता. आवाज अर्थातच आत येत नव्हता. त्याचे ओठ हलत होते.

मामाने तळहात दाखवला... थांब.

प्रसंग संपला. दिवा विझला. मामाने दार उघडलं, तर बाहेर कुणी नव्हतं.

धाकटा जिन्यात सापडला. भिंतीला टेकून बसलेला. सगळं संपलं होतं.

त्याचा दम्याचा पंप मामाच्या पिशवीत होता. सकाळी दोघं एकाच स्कूटरवरून आले होते, तेव्हाचा राहिलेला. पिशवी आत, मामाच्या पायाशी.

पंपच मागत असेल, असं सगळे म्हणाले. मामाला ते कधी पटलं नाही.

"पंप मागायला एक शब्द पुरतो," तो म्हणायचा. "त्याचे ओठ बराच वेळ हलत होते. वाक्य होतं ते. लांब वाक्य."

उभा जन्म परक्यांच्या ओठांत शब्द बसवले, आणि सख्ख्या भावाच्या ओठांतलं एक वाक्य त्याला वाचता आलं नाही. काय म्हणाला तो? रागावून गेला का? एवढंच त्याला कळायला हवं होतं. तेच त्याला आतून पोखरत होतं.

त्या दिवसापासून मामाने "थांब" हा शब्द टाकला. बसवाल्यालासुद्धा तो "जरा उभी करा" म्हणायचा. आम्ही भाचरं त्यावर हसायचो. तेव्हा आम्हाला अक्कल नव्हती.

काही वर्षांनी ती मालिका आली.

बायबलमधल्या गोष्टींची मालिका. प्रत्येक भागात कुणीतरी मोठी चूक करतं, मग मनातल्या मनात जळतं, आणि शेवटी त्याला क्षमा मिळते.

"पाऊण तासात सुटका," कानसेन म्हणायचा. "तीही जाहिराती धरून."

त्या दुपारी योसेफचा भाग होता. भाऊ त्याला कोरड्या आडात टाकतात. थोरल्याच्या मनात असतं की नंतर गुपचूप येऊन त्याला वर काढू. तो परत येतो... तर आड रिकामा.

थोरल्याचा आवाज मामाचा होता.

जाण्याआधी थोरला आडात वाकून बघतो. खाली योसेफ मान वर करून त्याच्याकडे बघतोय. थोरला म्हणतो, "थांब. मी परत येतो."

मामा कागदाकडे बघत राहिला.

"'धीर धर' म्हटलं तर?" त्याने विचारलं.

"ओठ बघ की," कानसेन काचेपलीकडून म्हणाला. "पहिल्या शब्दाला एकदाच मिटतात, तेही शेवटी. तुला मी काय शिकवू?"

खरं होतं. तिथे दुसरा शब्द बसतच नव्हता.

लाल दिवा लागला.

मामाने श्वास घेतला आणि इतक्या वर्षांनी तो शब्द उच्चारला. "थांब. मी परत येतो."

पडद्यावर योसेफचा चेहरा आला. वर बघणारा. गप्प.

आणि मग... त्याचे ओठ हलायला लागले.

दिवा विझला. "झकास," कानसेन म्हणाला. "पुढचं घेऊ."

"त्याचं वाक्य कोण म्हणणार?"

"कुणाचं?"

"योसेफचं. आडातून बोलतोय तो."

कानसेनने मूळ आवाज तपासला. तिथे काही नव्हतं. "आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?" तो हसला. "तोंड मिटलेलं आहे रे त्याचं. झोप झाली नाही का तुझी?"

मामा हसला नाही. त्याच्या पडद्यावर ते ओठ हलतच होते. आणि ते ओठ त्याने आधी पाहिले होते.

दाराच्या काचेतून.

मग कानसेनचंच हसू विरलं. तो मघाचा टेक ऐकत होता.

"तू माईकजवळ काही आपटलंस?"

"नाही."

"टक टक येतंय. तुझ्या वाक्यानंतर."

"दार कुणी वाजवलं असेल."

"बाहेरची थाप आत येत नाही," कानसेन म्हणाला. "ही तर माईकच्या अगदी जवळची आहे."

त्याने तेवढा तुकडा पुन्हा लावून ऐकला. मग कानसेन म्हणाला, "खराब झालाय टेक. पुन्हा घ्यावा लागेल."

लाल दिवा.

"थांब. मी परत येतो."

टक...

टक... टक...

या वेळी मामाला ते कानांनी ऐकू आलं. त्याने दाराकडे पाहिलं. काचेत कुणी नव्हतं.

पण काचेवर वाफ धरली होती. तोंडाच्या उंचीवर, छोटासा ठिपका. तो आकसला... पुन्हा पसरला... पुन्हा आकसला.

बाहेर कुणीतरी श्वास घेत होतं. ओढून ओढून.

मामाचा हात सवयीने वर उठला. तळहात दाखवायला.

तो अर्ध्यावरच थिजला.

मामाने हेडफोन भिरकावले. दिवा लाल असतानाच त्याने ते दार उघडलं. एवढ्या वर्षांच्या नोकरीत पहिल्यांदा.

बाहेर लांबलचक रिकामा बोळ. टोकाला जिना. कुणी नाही.

"ये," मामा त्या रिकाम्या बोळात म्हणाला. "ये बाबा आत."

काचेवरची वाफ विरली.

तो वळला तेव्हा कानसेन उभा होता. रेकॉर्डिंग चालूच राहिलं होतं. त्याने ते मामाला ऐकवलं. आधी थापा. मग हेडफोन पडल्याचा आवाज. दार उघडल्याचा. त्यानंतर मामाचं "ये".

पण दार आणि "ये" यांच्या मध्ये... एक बारीक शिट्टी होती. आणि शिट्टीमागून आवाज.

"तू थांब म्हणालास दादा... म्हणून थांबलोय."

कानसेनने हेडफोन टेबलावर ठेवले. ती शिट्टी त्याने वर्षानुवर्षं पुसली होती. त्याला कुणी ओळख पटवून द्यायची गरज नव्हती.

मामा तिथेच खाली बसला आणि ढसाढसा रडला.

मालिका टीव्हीवर लागली. आम्ही सगळ्यांनी पाहिली. योसेफचं तोंड त्या प्रसंगात मिटलेलंच आहे. पुढे तो मोठा होतो, भावांना ओळखतो, गळ्यात पडून माफ करतो. ते बघताना आईने डोळे पुसले. मामा उठून गॅलरीत गेला होता.

मी त्याच्या मागे गेलो. म्हटलं, "मामा, आता तरी मनाला लावून घेऊ नकोस. तो रागावलेला नव्हता. कळलं ना तुला?"



"ओठ ते नव्हते रे," तो म्हणाला. "रेकॉर्डिंगमधलं वाक्य वेगळं, आणि त्या दिवशी काचेतलं वाक्य वेगळं. मी जुळवून पाहिलं. ते वाक्य त्याचं अजून सांगायचंच राहिलंय."

मामा अजून काम करतो. पण त्या दिवसापासून त्याच्या प्रत्येक रेकॉर्डिंगमध्ये दोन श्वास येतात. एक मामाचा. दुसरा त्याच्या जरा मागून. कानसेन तो पुसायला गेला, तर मामाने त्याचा हात धरला.

"राहू दे तेवढा," म्हणाला.

हे लिहायच्या आधी मी मामाला फोन केला होता. लिहू का, म्हणून विचारायला. त्याने फोन उचलला. मी प्रश्न विचारला.

तो काही बोलायच्या आधी... पलीकडून कुणीतरी श्वास घेतला. मामाचा श्वास स्वच्छ आहे. या श्वासात शिट्टी होती.

"लिही," मामा म्हणाला. मग आवाज खाली आणून, फोन तोंडापासून जरा दूर धरून, तो दुसऱ्याच कुणाला तरी म्हणाला, "हं, बोल. ऐकतोय मी."

मी फोन ठेवून दिला. पलीकडून काय उत्तर आलं, ते ऐकायची माझी छाती झाली नाही.